मोटारसायकलची स्वहस्ते देखभाल व सुधारणा : भारतीय वाहनधारकाच्या ज्ञानाचा आणि अधिकाराचा इतिहास (इ.स. १९५५ नंतर)

प्रस्तावना :

भारतातील मोटारसायकलचा इतिहास बहुधा कारखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणता परदेशी करार झाला, कोणती गाडी बाजारात आली आणि कोणती कंपनी बंद पडली, या क्रमाने त्याची मांडणी केली जाते. ही मांडणी आवश्यक असली तरी अपुरी आहे. गाडी कारखान्यातून एकदाच बाहेर पडते. तिला पुढची वीस-पंचवीस वर्षे रस्त्यावर ठेवण्याचे काम मालक, मिस्त्री आणि सुट्या भागांचा व्यापारी या तिघांनी केलेले असते. या तिघांपैकी मालकाच्या हाताचा, म्हणजेच स्वतःची गाडी स्वतः उघडणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि तिच्यात बदल करणाऱ्या वाहनधारकाचा इतिहास फारसा नोंदला गेलेला नाही.

पाश्चात्त्य देशांत स्वहस्ते देखभाल ही प्रामुख्याने छंद म्हणून ओळखली जाते. भारतात तिचा उगम निराळा आहे. येथे ती टंचाईतून जन्माला आली, यंत्राच्या साध्या रचनेमुळे वाढली आणि पुढे यंत्ररचना, सेवा-व्यवस्था व कायदा या तिन्ही बाजूंनी आकुंचित होत गेली. विकत घेतलेले यंत्र समजून घेण्याचा आणि उघडण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) भारतात मोटारसायकलच्या स्वहस्ते देखभालीची परंपरा निर्माण होण्यामागील आर्थिक व तांत्रिक कारणे पाहणे.
२) इ.स. १९८० च्या दशकानंतर या परंपरेत झालेल्या स्थित्यंतराचे स्वरूप समजून घेणे.
३) 'दुरुस्ती' आणि 'बदल' या दोन कृतींकडे पाहण्याच्या कायद्याच्या भूमिकेचा मागोवा घेणे.

१. टंचाईचे पर्व आणि उघडे यंत्र :

स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी वाहनांच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि देशी उत्पादन परवाना-पद्धतीने बांधलेले होते. अशा वातावरणात इ.स. १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि इंग्लंडमधील रेडिच येथील कारखान्याच्या ३५० सी.सी. 'बुलेट'ची जुळणी सुरू झाली. काही वर्षांतच तिचे भाग भारतात तयार होऊ लागले. इ.स. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी म्हैसूर येथे 'आयडियल जावा' कंपनीने चेकोस्लोव्हाकियातील जावा मोटारसायकलचे उत्पादन सुरू केले. हीच गाडी पुढे 'येझदी' या नावाने ओळखली गेली. त्याच सुमारास एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडमधील एस.एच.एल. या गाडीवर आधारित १७५ सी.सी. वर्गातील 'राजदूत' बाजारात आणली. सुमारे दोन दशके भारतीय मोटारसायकलस्वाराचे जग मुख्यतः या तीन गाड्यांभोवती फिरत राहिले.

या तिन्ही गाड्यांत एक समान गुण होता. त्या वारंवार लक्ष मागणाऱ्या होत्या, पण त्यांचे यंत्र उघडे होते. साधा पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि फिलर गेज एवढ्या साहित्यावर त्यांची बहुतेक नित्य कामे करता येत. गाडीबरोबर हत्यारांचा संच मिळे आणि तो शोभेसाठी नसे. मालकाने काही कामे स्वतः करावीत, हे उत्पादकानेच गृहीत धरलेले होते.

बुलेटचे उदाहरण येथे बोलके आहे. ७० मि.मी. व्यासाचा सिलिंडर आणि ९० मि.मी. स्ट्रोक असलेले तिचे ३४६ सी.सी. इंजिन संथ गतीचे होते. ठिणगी पाडण्याचे काम 'कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉइंट' करीत. कॅमवर घासणारी फायबरची टाच हळूहळू झिजे, पॉइंटमधील फट कमी होई आणि ठिणगी उशिरा पडू लागे. परिणामी गाडी ओढ धरीत नसे आणि किक मारून पाय दुखू लागत. उपाय सोपा होता. झाकण काढून पॉइंट बारीक पॉलिश-पेपरने साफ करायचे आणि फिलर गेज घालून फट पुन्हा ०.३५ ते ०.४० मि.मी. एवढी ठेवायची. टॅपेटचेही तसेच होते. इंजिन पूर्ण थंड असताना बाजूचे झाकण उघडून पुश-रॉड बोटांनी फिरवून पाहायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. येथे मोजमापापेक्षा बोटांची जाण महत्त्वाची होती आणि ती पुस्तकातून येत नव्हती.

बुलेट सुरू करणे हीसुद्धा एक शिकण्याची गोष्ट होती. अँमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक सावकाश दाबायची, डिकॉम्प्रेशनची दांडी ओढून पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पुढे न्यायचा आणि मग पूर्ण किक मारायची. या क्रमात मालकाला पिस्टनची स्थिती, झडपांचे कार्य आणि ठिणगीची वेळ यांचे प्रत्यक्ष ज्ञान होत असे. यंत्राचा वापर आणि यंत्राचे आकलन या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या झालेल्या नव्हत्या.

येझदी आणि राजदूत या टू-स्ट्रोक गाड्यांचा त्रास निराळा होता. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे. जळलेल्या तेलाची काजळी सिलिंडर-हेड, एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सर यांत साठे. तिने वाट अडवली की गाडीचा दम कमी होई. सायलेन्सरमधील जाळीची नळी बाहेर काढून ती भाजून किंवा घासून स्वच्छ करणे, हेड उतरवून काजळी खरवडणे, स्पार्क प्लगची फट पाहणे ही कामे ठरावीक काळाने करावीच लागत. दूध घालणारे गवळी, शेतकरी आणि ग्रामीण भागातील फिरतीचे नोकरदार यांच्यासाठी हे ज्ञान उपजीविकेचा भाग होते. तालुक्याच्या गावाहून दूर गाडी बंद पडल्यास प्लग काढून पुसता येणे आणि कार्बोरेटरच्या जेटमधील कचरा फुंकून काढता येणे यावर दिवसाची मिळकत अवलंबून असे.

हत्यारांनाही आपला इतिहास होता. बुलेटचे अनेक बोल्ट ब्रिटिश इंची मापाचे, तर जावा व राजदूतचे मिलिमीटर मापाचे होते. इंची बोल्टला जवळपासचा मिलिमीटरचा पाना लावला की त्याच्या कडा मारल्या जात आणि पुढे छिन्नी-हातोडीशिवाय तो निघत नसे. योग्य पाना बाळगणे हे म्हणूनच जाणत्या मालकाचे लक्षण मानले जाई. साम्राज्याचा व औद्योगिक सहकार्याचा इतिहास अशा रीतीने मालकाच्या हत्यारांच्या पेटीत उतरलेला होता.

२. मालकामागे उभे असलेले हात :

स्वहस्ते देखभाल या शब्दप्रयोगाने एक गैरसमज होण्याची शक्यता आहे. मालक सर्व कामे एकटा करीत असे, असे नाही. सिलिंडर रीबोअर करणे, क्रँकचे बेअरिंग बदलणे, फुटलेले आवरण वेल्डिंग करणे यांसाठी मिस्त्री आणि लेथवाला यांच्याकडे जावेच लागे. सुटे भाग मिळवण्यासाठी शहरांमध्ये स्वतंत्र बाजार उभे राहिले. पुण्यातील नाना पेठ आणि बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, दिल्लीतील करोल बाग, चेन्नईतील पुदुपेट ही त्याची परिचित उदाहरणे होत. नवा भाग न मिळाल्यास जुना शोधणे, जुना न मिळाल्यास लेथवर घडवून घेणे, ही पद्धत रूढ झाली. यातूनच सुधारणेची वृत्ती वाढली. सौराष्ट्रात बुलेटच्या पुढच्या भागाला मागे मालवाहू साटा जोडून तयार झालेला 'छकडा' हा या वृत्तीचा सर्वांत ठळक आविष्कार होय.

या व्यवस्थेची सामाजिक बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. गॅरेजमधील मिस्त्रीचे शिक्षण बहुतेक वेळा बालवयात पाने देण्या-घेण्यापासून सुरू होई. त्याचे ज्ञान सखोल असूनही त्याला प्रमाणपत्र नव्हते व प्रतिष्ठाही नव्हती. मध्यमवर्गीय मालक रविवारी सकाळी अंगणात गाडी खोलून बसे, तेव्हा तो बहुधा अशाच एखाद्या मिस्त्रीकडून पाहून शिकलेला असे. एकाने केलेले काम 'आवड' ठरले आणि दुसऱ्याने केलेले तेच काम 'हलके काम' ठरले. तसेच हे ज्ञान जवळजवळ संपूर्णपणे पुरुषांपुरते मर्यादित राहिले. इ.स. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने आणलेल्या 'लुना'ने अनेक स्त्रियांना वाहन दिले. परंतु त्याच्या दुरुस्तीची साधने व संधी मात्र त्यांच्या हाती क्वचितच आली. या परंपरेचे गुणगान करताना तिच्या या मर्यादा विसरता येत नाहीत.

३. 'विसरून जा' : जपानी तंत्रज्ञान आणि सेवा-केंद्राचा उदय :

इ.स. १९८० च्या दशकात शासनाने दुचाकी उद्योगातील निर्बंध सैल केले आणि जपानी कंपन्यांशी सहकार्याचा मार्ग मोकळा झाला. इ.स. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, इ.स. १९८५ मध्ये हिरो होंडा सी.डी. १०० व यामाहा आर.एक्स. १००, आणि पुढे कावासाकी बजाज या १०० सी.सी. गाड्या आल्या. वजनाने हलक्या, इंधनाची बचत करणाऱ्या आणि पहिल्या किकला सुरू होणाऱ्या या गाड्यांनी बाजाराचे चित्र पालटले.

हिरो होंडाच्या जाहिरातीचे 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' हे घोषवाक्य सर्वपरिचित झाले. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असा त्याचा आशय. या तीन पदांत एका युगाचा बदल सामावलेला आहे. पूर्वीची गाडी मालकाकडे लक्ष मागत होती. नवी गाडी दुर्लक्षाचे आश्वासन देत होती. फोर-स्ट्रोक इंजिनामुळे पेट्रोलमध्ये तेल मिसळणे संपले. क्रमाक्रमाने पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक इग्निशनने घेतली. त्याबरोबर फट मोजण्याचे कामही संपले. मोफत सर्व्हिसची कुपने, वॉरंटीच्या अटी आणि अधिकृत सेवा-केंद्रे यांमुळे देखभालीचे स्थान अंगणातून काउंटरकडे सरकले.

हा बदल केवळ तोट्याचा होता असे म्हणणे योग्य ठरणार नाही. ज्यांना यंत्रात रस नव्हता किंवा वेळ नव्हता, अशा लाखो कुटुंबांना या गाड्यांनी विश्वासार्ह वाहन दिले. परंतु त्याबरोबर ज्ञानाची विभागणीही झाली. यंत्र कसे चालते हे ठाऊक नसतानाही ते वर्षानुवर्षे वापरता येऊ लागले.

याच काळात उलट दिशेचा एक प्रवाहही दिसतो. आर.एक्स. १०० ही ९८ सी.सी.ची, सुमारे ११ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक गाडी तरुणांमध्ये सुधारणेचे माध्यम बनली. टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरच्या भिंतीतील पोर्ट हेच वायूंच्या ये-जा करण्याची वेळ ठरवतात. त्यामुळे कानशीने पोर्टची उंची किंचित बदलली तरी इंजिनाचा स्वभाव बदलतो. पोर्ट घासणे, कार्बोरेटरचा जेट बदलणे, विशिष्ट आकाराचा एक्झॉस्ट बसवणे हे प्रकार रूढ झाले. अर्थात त्यांची किंमतही मोजावी लागे. पोर्ट जास्त कापला गेल्यास कमी वेगातील ओढ नाहीशी होई. पेट्रोलचे प्रमाण कमी पडल्यास पिस्टन तापून त्याला भोक पडे. चुकांमधून शिकण्याची ही शाळा खर्चिक होती.

बुलेटच्या मालकांची सुधारणा मात्र अधिक सावध होती. सहा व्होल्टच्या मंद दिव्याऐवजी बारा व्होल्टची व्यवस्था व हॅलोजन दिवा, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, लांबच्या प्रवासासाठी सामानाचा कॅरियर ही त्यांची सर्वसाधारण यादी होती. येथे हेतू वेगापेक्षा सुरक्षिततेचा व भरवशाचा होता. यांपैकी बहुतेक सुधारणा पुढे उत्पादकांनीच मूळ गाडीत समाविष्ट केल्या, ही बाब लक्षणीय आहे. इ.स. २००८ नंतर रॉयल एन्फिल्डने नवे एकसंध इंजिन आणले. त्यात हायड्रॉलिक टॅपेट असल्याने पुश-रॉड बोटांनी फिरवून पाहण्याचे जुने काम उरले नाही आणि बीडाच्या सिलिंडरची जुनी बुलेट जाणकारांच्या दृष्टीने जतन करण्याची वस्तू बनली.

४. धूर, कायदा आणि बंद यंत्र :

देशात वाहनांच्या धुरासंबंधीचे उत्पादनस्तरीय निकष इ.स. १९९१ पासून लागू झाले आणि इ.स. १९९६ व २००० मध्ये ते अधिक कडक करण्यात आले. टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा अस्त त्यातूनच झाला. आर.एक्स. १०० चे उत्पादन इ.स. १९९६ मध्ये थांबले. त्याच वर्षी म्हैसूरचा येझदी कारखानाही बंद पडला. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल देण्यात येऊ लागले. इ.स. २०१७ मध्ये भारत स्टेज-४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष दुचाकींना लागू झाले.

स्टेज-६ मुळे कार्बोरेटरचे युग व्यवहारतः संपले. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हवा आणि पेट्रोल यांचे अचूक प्रमाण लागते. ते राखण्यासाठी ऑक्सिजन सेन्सर, फ्युएल इंजेक्शन आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आवश्यक ठरले. पूर्वी स्क्रू अर्धा फेरा फिरवून कानाने ठरवले जाणारे मिश्रण आता संगणकीय तक्त्यानुसार ठरते. दोष शोधण्यासाठी निदान-यंत्र जोडावे लागते. ऑइल बदलणे, चेन साफ करून ताणणे, ब्रेक-पॅड पाहणे, एअर फिल्टर बदलणे ही कामे आजही मालकाला करता येतात. मात्र इंजिनाच्या वर्तनाचा गाभा त्याच्या हाताबाहेर गेला आहे.

कायद्याचा प्रवासही याच दिशेने झाला. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या मूळ कलम ५२ नुसार नोंदणी अधिकाऱ्याला कळवून व त्याची मान्यता घेऊन वाहनात बदल करता येत असे. इ.स. २००० च्या दुरुस्तीने हे चित्र बदलले आणि उत्पादकाने मूलतः दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलास मनाई करण्यात आली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्यातील कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवण्यात आली.

या तरतुदींमागील लोकहित नाकारता येत नाही. जाळी काढलेल्या सायलेन्सरचा आवाज हा रुग्ण, विद्यार्थी आणि वृद्ध यांच्या शांततेवर होणारा आघात आहे. शहरांतील हवेचा प्रश्न तर सर्वांचाच आहे. तथापि, कायद्याच्या भाषेत मूळ तपशिलाची मालकी उत्पादकाकडे गेली, ही ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाची घटना आहे. सायलेन्सर फोडणारा हौशी तरुण आणि अधिक चांगला ब्रेक बसवू पाहणारा जबाबदार मालक हे दोघेही आता एकाच प्रश्नासमोर उभे असतात.

दुरुस्तीचा प्रश्न मात्र बदलाहून भिन्न आहे. कायद्याने दुरुस्तीस कोठेही मनाई केलेली नाही. तिला अडथळा येतो तो सुटे भाग, माहिती-पुस्तिका आणि निदान-यंत्र यांच्या उपलब्धतेचा. इ.स. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग व तांत्रिक माहिती स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना न मिळू दिल्याच्या कारणावरून १४ मोटारकार कंपन्यांना दंड ठोठावला. इ.स. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावर समिती नेमली आणि त्यात वाहन क्षेत्राचा समावेश केला. म्हणजेच जी गोष्ट एकेकाळी गाडीच्या हत्यारांच्या पेटीत आपोआप मिळत होती, ती आता अधिकार म्हणून मागावी लागत आहे.

जुन्या गाड्यांपुढे इंधनाचाही नवा प्रश्न आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण इ.स. २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि इ.स. २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व वॉशर यांना ते मानवतेच असे नाही. त्यामुळे जुनी बुलेट किंवा येझदी सांभाळणाऱ्या मालकास कार्बोरेटरची वाटी वेळोवेळी रिकामी करणे व रबरी भाग तपासणे यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. सुधारित इंधनासमोर जुने यंत्र टिकवण्याची जबाबदारी पुन्हा एकदा मालकाच्या हातावरच येऊन पडली आहे.

निष्कर्ष :

१) भारतात मोटारसायकलची स्वहस्ते देखभाल हा मूलतः छंद नव्हता, टंचाई, अंतर आणि यंत्राचे साधेपण यांतून ती गरज म्हणून निर्माण झाली.

२) या परंपरेचे खरे शिक्षक असंघटित मिस्त्री होते. त्यांच्या ज्ञानाची नोंद न होणे ही या इतिहासातील मोठी उणीव आहे आणि त्यांच्या पिढीसोबत ते ज्ञान नष्ट होण्याचा धोका आहे.

३) इ.स. १९८५ नंतर यंत्राच्या विश्वासार्हतेमुळे मालक व यंत्र यांतील संबंध सैल झाला. इ.स. २०२० नंतर यंत्राच्या बंद रचनेमुळे तो अधिकच दुरावला. पहिल्या टप्प्यात मालकाने स्वेच्छेने ज्ञान सोडले; दुसऱ्या टप्प्यात ते मिळवण्याची वाटच अरुंद झाली.

४) प्रदूषण-नियंत्रण आणि दुरुस्तीचा अधिकार हे परस्परविरोधी नाहीत. इंजिनाच्या धुराशी संबंधित भागांत फेरफार करण्यास मनाई असणे योग्य आहे. परंतु त्याच भागांची दुरुस्ती करण्यासाठी लागणारी माहिती मालकास व स्थानिक मिस्त्रीस मिळणेही तितकेच योग्य आहे. निगा राखलेली जुनी गाडी ही निगा न राखलेल्या गाडीपेक्षा कमी धूर सोडते, हे साधे सत्य धोरण आखताना दृष्टिआड होऊ नये.

५) औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील दुचाकी दुरुस्तीच्या अभ्यासक्रमांत जुन्या यंत्रांचे ज्ञान आणि नव्या निदान-पद्धती या दोहोंना स्थान मिळाल्यास, तसेच हे प्रशिक्षण मुलींपर्यंत जाणीवपूर्वक पोहोचवल्यास, या परंपरेच्या जुन्या मर्यादा दूर होऊ शकतील.

यंत्राचा मालक असणे आणि यंत्राचा जाणकार असणे या दोन गोष्टी बुलेट-राजदूतच्या काळात एकमेकींच्या जवळ होत्या. आज त्या दूर गेल्या आहेत. हे अंतर पूर्णपणे मिटणार नाही. परंतु ते किती असावे, हे केवळ उत्पादकाने ठरवावे की समाजानेही, हा प्रश्न या इतिहासाने पुढे ठेवला आहे.